गाडी ऑइल खाऊ लागते तेव्हा



या सदरात आम्ही बहुधा मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपण, डोक्यावरचे कर्ज अशा गोष्टींवर लिहीत आलो आहोत. आज मोटारसायकलच्या इंजिनावर लिहायचे ठरवले आहे. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु कामगाराच्या घरात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वायरमन, प्लंबर, कुरिअरवाला, घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा, रात्रपाळी करून पहाटे घरी येणारा वॉचमन या सर्वांची रोजी तिच्या दोन चाकांवर आहे. गाडी दोन दिवस बंद पडली तर दोन दिवसांचा रोज बुडतो. जिच्यावर घराची चूल पेटते, तिची विचारपूस कुटुंबाच्या पानावर व्हायलाच हवी.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर सकाळी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. स्टेशनकडे, कोर्ट नाक्याकडे, चरईकडे, जांभळी नाक्याच्या बाजाराकडे दुचाकींची रांग लागलेली असते. अरुंद रस्ता, पहिला-दुसरा गिअर, क्षणात थांबायचे आणि क्षणात निघायचे. नवरात्रात रस्ते वळवले की विचारूच नका. या रांगेत एखादी जुनी गाडी अशी असते की तिच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मागचा माणूस नाकाला रुमाल लावतो. चालवणारा सारे समजून मान खाली घालतो. गाडी ऑइल खाते आहे हे त्याला केव्हाच कळलेले असते. पुढे काय करावे, हे मात्र कळलेले नसते.

कारण सल्ले तीन प्रकारचे मिळतात. एक मित्र म्हणतो, "जाड ऑइल टाक, चालव अजून वर्षभर." गॅरेजवाला गाडीला एक किक मारतो आणि म्हणतो, "इंजिन खोलावे लागेल, सगळे काम निघाले आहे." तिसरा शोरूमच्या दारात उभा असतो. तो म्हणतो, "ही भंगारात द्या, नवी घ्या, हप्ता करून देतो." तिघांचाही आवाज खात्रीचा असतो, पण तिघांपैकी एकानेही काही मोजलेले नसते.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या घरोघरी ठाऊक आहे. एखादी गोष्ट कानावर आली, परंपरेने चालत आली किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून ती खरी मानू नका. स्वतः पडताळून पाहा, असा त्याचा आशय. हा उपदेश केवळ विहारात ऐकण्यासाठी नाही. गॅरेजच्या दारातही तो तितकाच उपयोगी आहे. धूर हे कार्य आहे, त्याला कारण असलेच पाहिजे. ते कारण आधी शोधावे, मोजावे आणि मगच खिशात हात घालावा. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे.

धूर कशाचा?

प्रथम एक जुना गैरसमज दूर करू. आपल्या वडिलांच्या पिढीने राजदूत आणि येझदी या गाड्या पाहिल्या. त्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, म्हणून ते जळणार आणि धूर होणारच. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ साली बंद झाली, राजदूतही रस्त्यावरून गेली. पण "मोटारसायकल म्हटली की थोडा धूर असतोच" ही समजूत मागे राहिली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर आली. या फोर-स्ट्रोक गाड्या. यांत इंजिन ऑइल वेगळे असते, ते जळायचे नसते. ते फक्त फिरणाऱ्या भागांना वंगण देते आणि त्यांची उष्णता वाहून नेते. म्हणून फोर-स्ट्रोक गाडीतून सतत निळा धूर येत असेल, तर ती तिची सवय नव्हे. तो आजार आहे.

आता इंजिनाच्या आत डोकावू. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या जुन्या स्प्लेंडरचेच उदाहरण घेऊ. तिच्या सिलेंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, ५० मिलिमीटर आहे. त्यात पिस्टन ४९.५ मिलिमीटर खाली-वर सरकतो. यावरून ९७.२ सीसी हा आकडा येतो. पिस्टन मिनिटाला काही हजार वेळा खाली-वर होतो. पिस्टन आणि सिलेंडर यांच्यामधली मोकळी जागा आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ही जागा सांभाळण्यासाठी पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब खाली जाऊ देत नाहीत. तिसरी ऑइल रिंग. ती सिलेंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते आणि पातळ थर तेवढा मागे ठेवते.

ऑइल वर जाऊन जळण्याच्या मुख्य वाटा दोन. रिंगा किंवा सिलेंडर झिजला तर ऑइल खालून वर चढते. दुसरी वाट वरून आहे. हेडमध्ये दोन वॉल्व्ह असतात. त्यांच्या दांड्यांवर रबराचे छोटे सील बसवलेले असतात. ते सील उष्णतेने कडक होऊन फाटले किंवा वॉल्व्हचे गाईड झिजले, की हेडमधले ऑइल दांडीवरून ओघळून आत उतरते. धूर दोन्हीकडे निळाच. पण खर्चात मोठा फरक आहे. सील बदलायला हेड उतरवले की काम भागते. रिंगा किंवा बोअरचे काम असेल तर ब्लॉकही काढावा लागतो, लेथवाल्याकडे पाठवावा लागतो, नवा पिस्टन घ्यावा लागतो. म्हणून गाडी कोणत्या वाटेने ऑइल खाते, हे आधी ठरवणे म्हणजे घरचे पैसे वाचवणे होय.

घरच्या घरी करायची तपासणी

धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर पाहावा. थंडीच्या सकाळी दोन मिनिटे पांढरी वाफ येऊन थांबली तर घाबरू नये. निळसर, जळक्या तेलाचा वास असलेला धूर म्हणजे ऑइल.

नंतर धुराची वेळ पाहावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा ढग सोडते आणि मग शांत होते. किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिली की भपकारा येतो. अशा वेळी संशय वॉल्व्ह सीलवर घ्यावा. चढावर, दोन माणसे बसलेली असताना, रेस वाढवली की धूर वाढतो आणि गाडीची ताकदही उतरलेली असते. अशा वेळी संशय रिंगा आणि सिलेंडरवर घ्यावा. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचत असेल, तर दाब खाली उतरून ब्रीदरच्या नळीवाटे ऑइल बाहेर ढकलतो आहे, असे समजावे. हेही बहुधा रिंगांकडेच बोट दाखवते.

ऑइल गरजेपेक्षा जास्त भरले तरी गाडी धूर मारते. म्हणून पातळी नीट तपासावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे. काडी पुसून भोकात टेकवावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती फिरवून आवळायची नसते. मग वरची आणि खालची खूण पाहावी. अनेक घरांत काडी आवळून पाहतात, पातळी चुकीची दिसते आणि विनाकारण ऑइल ओतले जाते.

यानंतरचे काम आमच्या भगिनींनी हाती घ्यावे अशी आमची विनंती आहे. किराणा आणि दुधाचा हिशेब ज्या वहीत असतो, तिच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखावेत: तारीख, किलोमीटरचा आकडा, किती ऑइल ओतले. समजा हजार किलोमीटरमध्ये प्रथम १०० मिली, मग १५० आणि पुन्हा १५० मिली ओतावे लागले. एकूण ४०० मिली झाले. अशा गाडीच्या इंजिनात ऑइल मावते साधारण एक लिटर. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये जवळजवळ निम्मे जळाले! "थोडेफार खाते" या शब्दांना वहीत अर्थ नाही, आकड्याला आहे. गॅरेजमध्ये जाताना ही वही सोबत न्यावी. हिशेब घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी कोणताही मेस्त्री जपून बोलतो.

ही नोंद दुसऱ्या कारणासाठीही हवी. १ जानेवारीला भीमा कोरेगावला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपले अनेक तरुण दुचाकीवरून निघतात. ऑइल खाणारी गाडी लांबच्या प्रवासात, जोडीला माणूस घेऊन, एका वेगाने पळवली की ऑइल झपाट्याने उतरते. पातळी खाली गेली की पिस्टन सिलेंडरमध्ये धरतो आणि चाक एकदम जाम होऊ शकते. अशा वेळी इंजिनापेक्षा माणसाचा जीव धोक्यात येतो. निघण्यापूर्वी काडी पाहा. आजार ठाऊक असेल तर अशी गाडी लांब नेऊच नका, एसटी किंवा रेल्वेने जा.

किकचा दाब काय सांगतो

मेस्त्रीकडे दाब मोजण्याचे मीटर असते. गरम इंजिनाचा प्लग काढायचा, त्या जागी मीटर लावायचे, रेस पूर्ण उघडी धरून काही किका मारायच्या आणि आकडा लिहून घ्यायचा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचे. दुसऱ्या वेळी दाब बराच वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगा-सिलेंडरचा. दाब कमीच राहिला, वाढलाच नाही, तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेडचे पॅकिंग गेले. आणि दाब पहिल्यापासून चांगला असूनही सकाळी धूर येत असेल तर सीलकडे वळावे. ही तपासणी थोड्या वेळात होते आणि इंजिन न खोलता होते. "आधी दाब मोजा, मग खोला," असे गिऱ्हाइकाने म्हणण्यात मेस्त्रीचा अपमान नाही. चांगला मेस्त्री स्वतःच तसे करतो.

खोलल्यावर काय पाहावे

तपासणीत दोष खालचा निघाला, हेड आणि ब्लॉक उतरवला, तर घरातल्या एकाने तिथे हजर राहावे. टेंभी नाक्यापासून वागळे इस्टेट फार दूर नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे हीच वागळे इस्टेट. लेथ आणि बोअरिंगची कामे जाणणारे हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या घडले. त्यांत आपल्या समाजाचे हातही कमी नाहीत. तेव्हा मोजमाप करून घेण्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

सिलेंडर बोअर गेजने मोजावा: वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभा व आडवा. असे सहा आकडे होतात. सिलेंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथवर पोहोचते तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त, वंगण सर्वांत कमी. म्हणून झीज तिथे अधिक होते. बोटाने चाचपले तर तिथे कड लागते. वर-खाली आकड्यांत फरक असेल तर सिलेंडर निमुळता झाला, उभ्या-आडव्यात फरक असेल तर तो लंबगोल झाला. अशा सिलेंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणे म्हणजे फाटक्या छत्रीला नवी मूठ लावणे. दोन-तीन महिन्यांत धूर परत येतो आणि मजुरी वाया जाते.

आकडे कंपनीच्या मर्यादेत असतील तर नव्या रिंगांवर भागू शकते. मर्यादेबाहेर असतील तर बोअर करावा लागतो. त्यासाठी मोठे पिस्टन मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर ओव्हरसाइज. जेवढ्या कमी मापात सिलेंडर साफ होईल तेवढेच घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळेस जागा उरते. पिस्टन आधी आणावा, तो मोजून मग त्या मापाने बोअर करावा. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधू नये. काही नव्या गाड्यांच्या सिलेंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो बोअर करता येत नाही, ब्लॉकच बदलावा लागतो. हे आधी विचारून घ्यावे.

बोअरनंतर होनिंग होते. सिलेंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषा उमटवतात. त्या रेषांत ऑइल टिकते आणि नव्या रिंगा घासून नीट बसतात. आरशासारखा गुळगुळीत सिलेंडर चांगला, ही समजूत चुकीची आहे. इथे आणखी एक गोष्ट हटकून राहते. होनिंगची कुरूंद नुसत्या पेट्रोलने निघत नाही. ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने ब्रश लावून धुवावा, पांढरे फडके आत फिरवून ते पांढरेच निघेपर्यंत धुवावा, मग वाळवून लगेच ऑइल लावावे. कुरूंद राहिली तर नव्या रिंगा नवेपणीच झिजतात. साबणाच्या वडीचा आणि पंधरा मिनिटांचा हा प्रश्न आहे. घाईत तेवढेच चुकते.

बसवताना

प्रत्येक रिंग आधी सिलेंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजावी. ५० मिलिमीटर बोअरला वरच्या रिंगांची फट साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. फट फार कमी असली तर रिंग तापून फुगते आणि दोन्ही टोके भिडून तुटते. फार जास्त असली तर दाब गळतो. रिंगेवरची खूण वर ठेवावी. तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता एकमेकांपासून दूर वळवावीत. पिस्टनवर 'आयएन' अशी खूण असेल तर ती आत येणाऱ्या वॉल्व्हकडे ठेवावी. पिस्टन पिनचे लॉक जुने वापरू नये. ते बसवताना खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. लॉक निसटून खाली पडले तर सगळे इंजिन फोडायची वेळ येते.

पॅकिंग नवे घ्यावे. वॉल्व्ह उघडलेच आहेत तर सील नवेच टाकावेत. ते स्वस्त असतात आणि पुन्हा हेड उतरवण्याची मजुरी वाचते. टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात. हेडचे नट आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत, मापाच्या पान्याने आवळावेत. अंदाजाने आवळले की हेड वाकते आणि तिथून ऑइल गळते.

एवढे करूनही झीज का झाली होती हे विचारले नाही, तर काम अर्धेच राहते. बहुतेक वेळा कारण साधे असते. एअर फिल्टर फाटलेला असतो आणि रस्त्याची धूळ सरळ सिलेंडरमध्ये जाते. ऑइल वेळेवर बदललेले नसते किंवा पातळी कायम खाली असते. नवा पिस्टन आणि जुना फाटका फिल्टर म्हणजे दुखणे परत बोलावणे. फिल्टर त्याच दिवशी बदलावा.

गाडी घरी आल्यावर पहिले ५०० किलोमीटर सबुरीने चालवावी. पूर्ण रेस नको, जादा ओझे नको, तासन्‌तास एकाच वेगाने पळवणेही नको. ५०० किलोमीटरला ऑइल बदलावे, कारण नवे भाग घासताना निघालेली धातूची पूड त्यात असते. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. गटार आपल्याच वस्तीतून वाहते.

खर्चाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. जुनी गाडी उभी करावी की नवी घ्यावी? आम्ही एकच उत्तर सगळ्यांना देणार नाही, हिशेबाची रीत देतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा दुरुस्तीचा खर्च ८,००० रुपये आहे. समजा नव्या गाडीचा हप्ता महिना ३,००० रुपये, तीन वर्षे. ते झाले १,०८,००० रुपये. सुरुवातीला भरायची रक्कम आणि विमा वेगळा. दुरुस्तीनंतर गाडी दोन वर्षे नीट चालली तर तिचा महिन्याचा भार ३५० रुपयांच्या आत बसतो. मधल्या काळात मुलीची फी भरता येते. मात्र तळातून खडखड आवाज येत असेल, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँकही गेला असेल, चौकट गंजली असेल, पंधरा वर्षे होऊन नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरायची वेळ आली असेल, तर हे सारे बेरजेत धरावे. बेरीज जड झाली तर जुन्या गाडीच्या मायेत अडकू नये. दोन गॅरेजमधून लेखी अंदाज घ्यावा. बदललेले जुने भाग परत मागावेत.

एक सावधगिरी. "जुन्या बाजारातून अख्खे इंजिन आणून बसवतो, स्वस्तात पडेल," असे कोणी म्हटले तर थांबावे. इंजिनाचा नंबर आरसी पुस्तकात असतो. ब्लॉक किंवा पिस्टन बदलल्याने तो बदलत नाही, अख्खे इंजिन बदलल्याने बदलतो. ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर कामावर जाणारा माणूस पोलीस चौकीच्या फेऱ्या मारतो. रीतसर बिल आणि आरटीओची नोंद यांशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आणि हिशेबात न दिसणारी एक बाजूही आहे. चाळीच्या बोळात सकाळी गाडी गरम करायला ठेवली की तो निळा धूर कोणाच्या घरात जातो? दाराशी पाळण्यात झोपलेल्या बाळाच्या आणि दम्याच्या आजीच्या छातीत जातो. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारे यंत्र असते. जळके ऑइल तेही हळूहळू निकामी करते. आपल्या सोयीसाठी शेजाऱ्याचा श्वास खराब करू नये, हे पंचशील घेणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हाताच्या विद्येचा मान

शेवटी थोडे मनातले. इंजिनाचे काम म्हटले की काळे हात, मळका शर्ट, आणि "शिकला नाही म्हणून गॅरेजला लागला" हे वाक्य. आपल्या समाजात तरी हे वाक्य उच्चारले जाऊ नये. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कोणता प्रश्न उचलला होता ते आठवावे. विणाई खात्यात पगार चांगला होता, पण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होतो म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. हातात कसब येऊच द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी ज्या जी.आय.पी. रेल्वेची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली, त्याच रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, वरच्या आणि कारागिरीच्या जागांपर्यंत त्याला पोहोचू दिले जात नाही, हे दुखणे बाबासाहेबांनी तिथे मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हेही त्यांनी तिथेच सांगितले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. युद्धकाळात कारागीर तयार करण्याची तंत्रशिक्षणाची योजना याच खात्याकडे होती.

हे ध्यानात घेतले की आपल्या वस्तीतला मुलगा बोअर गेज हातात धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा दिसतो. ज्यांना यंत्रापासून दूर ठेवले, त्यांची नातवंडे यंत्राच्या पोटातले दुखणे ओळखतात. ही लहान गोष्ट नाही. मात्र कसब नुसत्या सरावावर थांबू नये. त्याला मोजमाप, पुस्तक आणि प्रमाणपत्र यांची जोड हवी. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटर मेकॅनिक असे अभ्यासक्रम आहेत. गॅरेजला लागलेल्या मुलाला तिकडे पाठवा. मुलींनाही पाठवा. सिलेंडरचे सहा आकडे घेताना हात मुलाचा की मुलीचा, हे यंत्र विचारत नाही.

आणि चांगला मेस्त्री भेटला तर त्याच्या मजुरीवर घासाघीस करू नका. जो मोजून सांगतो, ब्लॉक साबणाने धुतो, जुने भाग परत देतो आणि गरज नसेल तर "खोलू नका" म्हणतो, तो सम्यक आजीविका जगतो आहे. त्याला पूर्ण मजुरी द्या आणि चार घरी त्याचे नाव सांगा.

येत्या रविवारी एवढेच करा. गाडी सपाट जागी उभी करा, काडी पुसून ऑइलची पातळी पाहा, एअर फिल्टर उघडून पाहा आणि वहीत पहिला आकडा लिहा. पुढचे सारे त्या आकड्यावरून ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!